हॉस्टेज, कॅप्टिव्ह, प्रिझनर, डिटेनी: धरून ठेवलेल्या माणसाला इंग्रजीत कधी काय म्हणायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्पर्धा परीक्षावाले, भाषांतर करणारे आणि रात्री न्यूज चॅनल बघता बघता मोबाईलवर अर्थ शोधणारे, तिघंही फिरून फिरून हेच विचारतात म्हणून सगळं एका जागी टाकतोय. मुख्य शब्द हॉस्टेज, पण त्याचे भाऊबंद बाजूला ठेवून तो नीट कळत नाही, त्यामुळे बाकीची मंडळीही येतील. क्रमाने वाचायलाच पाहिजे असं काही नाही.

हॉस्टेज म्हणजे नक्की काय? एका वाक्यात सांगा ना.

ओलीस. म्हणजे धरलंय एकाला आणि मागणी आहे दुसऱ्याकडे, असा मधल्यामधे अडकलेला माणूस.

एका वाक्यात एवढंच, पण त्यातला "दुसऱ्याकडे" हा शब्द सोडू नका, सगळा अर्थ तिथेच आहे. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ विमान पळवून शेवटी कंदहारला नेलं, तेव्हा अपहरणकर्त्यांचं विमानातल्या प्रवाशांशी काही घेणंदेणं होतं का? नाही. त्यांना भारत सरकारकडून त्यांची माणसं सोडवून हवी होती. ३१ डिसेंबरला मसूद अझहरसकट तिघांना सोडलं आणि प्रवासी सुटले. प्रवाशांनी काय केलं होतं, ते कोण होते, याने काहीच फरक पडत नव्हता, त्यांच्या जिवाची किंमत सरकारला मोजायला लावणं हा खेळ होता. हॉस्टेज हा असा असतो.

सोनं तारण ठेवून कर्ज घेतो ना आपण, तसंच हे, फक्त तारण म्हणून माणूस. मराठीतही बघा, गहाण "ठेवतात", तारण "ठेवतात" आणि ओलीसही "ठेवतात". क्रियापद एकच आहे.

मग कॅप्टिव्ह आणि हॉस्टेज एकच झालं की?

नाही हो. कॅप्टिव्ह म्हणजे पकडून ठेवलेला, बस. का पकडलाय, कोणाकडून काय पाहिजे, हे तो शब्द सांगतच नाही. त्यामुळे प्रत्येक हॉस्टेज हा कॅप्टिव्ह असतो पण प्रत्येक कॅप्टिव्ह हॉस्टेज नसतो. हे वाक्य पाठ केलं तरी परीक्षेपुरतं काम होतं.

पण नीट समजून घ्यायचं असेल तर आपल्याच इतिहासातलं उदाहरण घ्या, इतकं स्वच्छ उदाहरण मला इंग्रजी पुस्तकात सापडलेलं नाही. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि येसूबाई आणि छोटे शाहू औरंगजेबाच्या छावणीत गेले. पुढची सतरा-अठरा वर्षं दोघंही कॅप्टिव्ह. मग १७०७ मध्ये औरंगजेब गेला, त्याचा मुलगा आझमशहाने शाहूंना सोडलं, पण येसूबाईंना नाही सोडलं. शाहूंनी बाहेर जाऊन मोगलांच्या विरोधात काही करू नये याची हमी म्हणून आईला मागे ठेवून घेतलं. आता बघा, येसूबाई होत्या तिथेच आहेत, पहारा तोच, छावणीही मोगलांचीच, पण त्या दिवसापासून त्या हॉस्टेज झाल्या, कारण आता त्यांना धरून ठेवणं म्हणजे बाहेरच्या दुसऱ्या माणसाचे हात बांधणं होतं. त्या सुटल्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीला जाऊन आले तेव्हा. तोपर्यंत मुलगा छत्रपती होऊन अकरा वर्षं झालेली.

उच्चार होस्टेज की हॉस्टेज की हॉस्टिज?

इंग्रज माणूस हॉस्टिज म्हणतो, शेवट मॅरेज आणि व्हिलेजसारखा, आणि ते पण खरं तर मॅरिज आणि व्हिलिज असतात पण आपण कुठे तसं म्हणतो. अमेरिकन माणूस हास्टिजच्या जवळ जातो. मराठीत लिहिताना हॉस्टेज रूढ आहे, तेच लिहा, कोणी हसणार नाही.

हसतील कधी, तर हॉस्टेज, हॉस्टेल आणि हॉस्टाइल यांची भेळ केली तर. कोर्टाच्या बातमीत साक्षीदार "हॉस्टाइल" झाला म्हणजे फितूर झाला, त्याला कोणी ओलीस धरलेलं नसतं (निदान कागदोपत्री तरी). आणि हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या पोरांना आपण ओलीस आहोत असं वाटतं ते मेसच्या जेवणामुळे, व्याकरणामुळे नाही.

हा शब्द आला कुठून?

जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला हे नक्की. त्याच्या मागे लॅटिनमध्ये काय, यावर पंडितांची दोन मतं आहेत. एक गट म्हणतो "होस्पेस" म्हणजे पाहुणा किंवा यजमान, ज्यातून होस्ट, हॉटेल, हॉस्पिटल ही सगळी पिलावळ निघाली. दुसरा गट म्हणतो "ओब्सेस", ज्याचा लॅटिनमध्ये सरळ अर्थच ओलीस. दोन्हीची सरमिसळ झाली असंही मानतात. पाहुण्याची कथा जास्त मजेशीर आहे म्हणून सगळीकडे तीच फिरते, पण ती पक्की धरून चालू नका.

पूर्वी राजे स्वतःहून ओलीस देत होते असं वाचलं. स्वतःहून कोण देईल?

देत होते की, आणि भरपूर. आज हॉस्टेज म्हटलं की बंदूक, विमान, मास्कवाला माणूस डोळ्यासमोर येतो पण त्या शब्दाचं बरंचसं आयुष्य तहाच्या कागदावर गेलंय. तह झाला, आता तू शब्द पाळशील याची गॅरंटी काय, तर तुझा मुलगा, भाऊ, नाहीतर एखादा मोठा सरदार माझ्याकडे राहील. त्याला साखळदंड वगैरे काही नाही, उलट मानाने ठेवायचं, खायला प्यायला चांगलं, पण जायचं मात्र नाही.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजा जयसिंगाच्या छावणीत राहिले ते असेच, तहाची कलमं पूर्ण होईपर्यंत. १७९२ ला श्रीरंगपट्टणच्या तहानंतर टिपूने आपली दोन लहान मुलं, अब्दुल खालिक आणि मुइझुद्दीन, कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन केली, ती १७९४ मध्ये परत मिळाली. त्या लढाईत मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने होते हे आपण शाळेत वाचतो आणि विसरतो.

आणि उलटा प्रकारही आपल्याकडेच झालाय, पुण्यापासून हाकेच्या अंतरावर. जानेवारी १७७९, मुंबईहून इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला निघाली, घाट चढून तळेगावपर्यंत आली, पुढे जमेना, मागे फिरली आणि वडगावला मराठ्यांनी तिला पार कोंडलं. मग करार झाला, घेतलेला मुलूख परत द्यायचा, साष्टी परत द्यायची, राघोबाला स्वाधीन करायचं, आणि हे सगळं होईपर्यंत फार्मर आणि स्टुअर्ट असे दोन इंग्रज महादजी शिंद्यांकडे ओलीस राहायचं. पुढे मुंबईकर आणि कलकत्तेकर दोघांनीही हा करार आम्हाला मान्यच नाही म्हणून सांगितलं! आता जुन्या रीतीप्रमाणे ओलीस गेले कामातून. पण महादजींनी त्यांना काही केलं नाही आणि १७८० मध्ये, इंग्रजांशी परत बोलणी सुरू असताना, सोडून दिलं. दया होती की डाव होता यावर इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत, मला डाव वाटतो. मेलेला ओलीस कोणाच्याच कामाचा नसतो हे महादजींइतकं कोणाला कळणार.

युरोपातला एक किस्सा पण सांगायलाच हवा. फ्रान्सचा राजा जॉन दुसरा १३५६ ला पॉइतिएच्या लढाईत इंग्रजांच्या हाती लागला, म्हणजे झाला प्रिझनर. १३६० ला प्रचंड खंडणी ठरवून त्याला सोडलं आणि ती पूर्ण फिटेपर्यंत त्याची मुलं आणि सरदार ठेवून घेतले, म्हणजे ते हॉस्टेज. १३६३ मध्ये त्यातला एक मुलगा लुई पळाला. तर राजा आपण होऊन परत लंडनला जाऊन बसला, शब्द मोडला म्हणून, आणि १३६४ ला तिथेच वारला. आजच्या राजकारणात हे सांगितलं तर लोक तुम्हाला फॉरवर्ड पाठवणारा काका समजतील, पण खरं आहे.

किडनॅप झालेला माणूस हॉस्टेज असतो का?

कधी असतो कधी नसतो. किडनॅप म्हणजे उचलून नेणं, ती कृती झाली. हॉस्टेज ही त्यानंतरची अवस्था. उचलून नेलं आणि कोणाकडे काही मागितलंच नाही तर तो किडनॅपिंगचा बळी, हॉस्टेज नाही. आणि उचलून न नेताही हॉस्टेज होता येतं, बँकेत पैसे भरायला उभे होतात, दरोडेखोर आत घुसले, बाहेर पोलीस आले आणि दरोडेखोराने तुमच्या मानेला सुरा लावला, तुम्ही जागेवरून हललासुद्धा नाहीत आणि हॉस्टेज झालात.

दोन्ही एकदम हवं असेल तर चंदनतस्कर वीरप्पन. ३० जुलै २००० ला त्याने कन्नड सुपरस्टार डॉ. राजकुमार यांना गाजनूरच्या घरातून उचललं आणि कर्नाटक, तामिळनाडू दोन्ही सरकारांपुढे मागण्यांची यादी ठेवली. १०८ दिवस. उचललं त्या रात्री किडनॅप, मागण्या आल्या तेव्हापासून हॉस्टेज.

आपल्या कायद्यात हॉस्टेज हा शब्द आहे का?

कल्पना आहे. आयपीसीमध्ये १९९३ ला ३६४ए हे कलम घातलं, आता भारतीय न्याय संहितेत ते १४०(२) झालंय. एखाद्याला पळवून किंवा पळवल्यावर डांबून ठेवून, मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी देऊन, सरकारला किंवा दुसऱ्या कोणाला काही करायला किंवा पैसे द्यायला भाग पाडणं, शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. परत तोच "दुसरा कोणीतरी" आला बघा. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं की नुसतं पळवलं आणि पैसे मागितले एवढ्याने हे कलम लागत नाही, जिवाला किंवा शरीराला धोका असल्याची धमकी किंवा तशी भीती वाटावी असं वागणं सिद्ध व्हायला लागतं.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ओलीसविरोधी करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १७ डिसेंबर १९७९ ला मंजूर झाला, आणि त्याच्याही आधी १९४९ च्या जिनिव्हा करारांनी युद्धात ओलीस धरायला बंदी घातलीये. म्हणजे जी गोष्ट महादजींच्या काळात सभ्य मुत्सद्देगिरी होती ती आज सरळ गुन्हा आहे. शब्द तोच राहिला, त्याची अब्रू गेली.

प्रिझनर म्हणजे कैदी ना? मग कॉन्व्हिक्ट, अंडरट्रायल काय असतं?

प्रिझनर म्हणजे तुरुंगात असलेला कोणीही. कॉन्व्हिक्ट म्हणजे गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा भोगणारा, आपल्या तुरुंगाच्या भाषेत सिद्धदोष बंदी, बोलताना पक्का कैदी. अंडरट्रायल म्हणजे खटला चालू आहे तो, न्यायाधीन बंदी, बोलताना कच्चा कैदी. भारतातल्या तुरुंगांत साधारण चारातले तीन जण कच्चे असतात, त्यामुळे बातमीत प्रत्येक प्रिझनरला "गुन्हेगार" असं भाषांतर करून टाकू नका प्लीज, हे फार होतं.

डिटेनी, डेटेन्यू, इंटर्नी... हे सगळं वेगवेगळं आहे का?

आहे, आणि समजून घ्यायला अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) किल्ल्यासारखी जागा नाही. या एकाच किल्ल्याने आणि त्याच्या आसपासच्या छावण्यांनी सगळे प्रकार बघितलेत.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात पकडलेले बोअर सैनिक इंग्रजांनी इतक्या लांब इथे आणून ठेवले. ते सैनिक, लढताना पकडलेले, म्हणून प्रिझनर ऑफ वॉर, युद्धकैदी.

पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन लोकांची छावणी झाली आणि त्यात मिशनरी, व्यापारी असे साधे नागरिकही होते. दुसऱ्या महायुद्धात परत तेच, गिर्यारोहक हाइनरिश हारर यालाही आधी नगर, मग देवळाली आणि मग देहरादूनच्या छावणीत ठेवलं, तिथून तो तिबेटला पळाला. यांनी बंदूक उचललेली नाही, गुन्हा केलेला नाही, फक्त शत्रू देशाचे नागरिक. त्यांना इंटर्नी म्हणतात आणि त्या प्रकाराला इंटर्नमेंट. अमेरिकेने १९४२ पासून सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना असंच छावण्यांत टाकलं, त्यात बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. आपलेही हात स्वच्छ नाहीत, १९६२ च्या चीन युद्धात भारतात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत पाठवलं होतं. पुस्तकात हे शोधावं लागतं.

आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद आले. त्यांच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, सरकारला वाटलं बाहेर नको म्हणून आत. हे डिटेनी. भारतातली कोर्टं आणि वकील यासाठी डेटेन्यू हा शब्द वापरतात आणि मराठीत म्हणतात स्थानबद्ध. आणीबाणीत मिसाखाली (खटल्याशिवाय आत ठेवायचा कायदा) येरवड्याला जे होते तेही स्थानबद्धच, म्हणून त्या काकांना "तुम्ही जेलमध्ये होतात ना?" विचारलं की ते लगेच दुरुस्त करतात.

प्रिझनर ऑफ वॉर म्हटल्याने एवढा काय फरक पडतो?

खूप. युद्धकैदी म्हटलं की १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार लागू. नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी नंबर याच्यापलीकडे सांगायची सक्ती नाही, छळ नाही, गर्दीपुढे तमाशा करायचा नाही, नुसतं लढला म्हणून खटला चालवायचा नाही, आणि लढाई संपली की परत पाठवायचं.

म्हणूनच अमेरिकेने २००२ पासून क्युबातल्या आपल्या ग्वांटानामो तळावर लोक नेले तेव्हा पीओडब्ल्यू (प्रिझनर ऑफ वॉर) हा शब्द कटाक्षाने टाळला आणि डिटेनी म्हटलं. वाटतं साधा शब्द, पण त्या शब्दाच्या निवडीवर लोक वीस-वीस वर्षं खटल्याशिवाय बसले.

आपल्याकडे सगळ्यात मोठं उदाहरण १९७१ चं, सुमारे ९३ हजार पाकिस्तानी, त्यात काही नागरिकही होते, आणि त्यांची परतपाठवणी १९७३ च्या दिल्ली कराराने झाली. गोव्यात डिसेंबर १९६१ नंतर हजारो पोर्तुगीज सैनिक काही महिने असेच युद्धकैदी होते, मे १९६२ मध्ये गेले. आणि फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन. त्या दोन-तीन दिवसांत आपल्या काही चॅनलनी त्यांना हॉस्टेज म्हटलं, ते चूक होतं, उलट भारताचा सगळा जोर "हा युद्धकैद्यासारखाच वागवला पाहिजे" यावर होता.

वाक्यात कसं वापरायचं? हॉस्टेज की हॉस्टेजेस?

इथे भलेभले अडकतात. दहा माणसं असली तरी "दे वर हेल्ड हॉस्टेज", "दे टुक देम हॉस्टेज", इथे एकवचनच राहतं. कारण तिथे हॉस्टेज हा माणूस मोजत नाही, अवस्था सांगतो. पण माणसं मोजायला लागलात की अनेकवचन: "टेन हॉस्टेजेस वर रिलीज्ड". कॅप्टिव्हचंही सेम, "हेल्ड कॅप्टिव्ह", "टेकन कॅप्टिव्ह", पण "द कॅप्टिव्हज एस्केप्ड". प्रिझनरचंही तसंच, दहा असले तरी "हेल्ड प्रिझनर", "टेकन प्रिझनर", पण मधे "ॲज" आलं की "हेल्ड ॲज प्रिझनर्स".

धरणाऱ्याला काय म्हणायचं? हॉस्टेज-टेकर. कॅप्टिव्ह धरणारा तो कॅप्टर. आणि कॅप्टिव्हेट म्हणजे कैद करणं नाही हां, मोहून टाकणं. "हर व्हॉइस कॅप्टिव्हेटेड अस" चं भाषांतर "तिच्या आवाजाने आम्हाला कैद केलं" असं एका सबटायटलमध्ये बघितलंय.

"हेल्ड हॉस्टेज" चं मराठी नेहमी "ओलीस ठेवलं" करायचं का?

अजिबात नाही, हीच तर मोठी चूक होते. "द स्ट्राइक हॅज हेल्ड द सिटी हॉस्टेज" याचं "संपाने शहराला ओलीस ठेवलं" असं केलं की भाषांतराचा वास येतो. मराठी माणूस म्हणतो "संपकऱ्यांनी शहराला वेठीस धरलं". वेठ म्हणजे फुकट करून घेतलेलं सक्तीचं काम, वेठबिगार मधली. मूळ अर्थ वेगळा पण अडवणुकीची भावना बरोब्बर तीच. "हेल्ड टू रॅन्सम" असेल तरी बहुतेक वेळा वेठीस धरणंच बसतं, खरोखर खंडणी मागितली असेल तर गोष्ट वेगळी.

गाझाच्या बातम्यांत काही लोक हॉस्टेज आणि काही प्रिझनर, असं का?

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमधून २५१ जण नेले, ते हॉस्टेज, कारण त्यांच्या बदल्यात इस्रायलकडून काही हवं होतं. नेलेल्यांत सैनिकही होते, आणि सैनिक एरवी युद्धकैदी म्हणता आला असता, पण त्याला पुढे करून सौदा सुरू झाला की तोही हॉस्टेज होतो, जिनिव्हा करारात सैनिकाला वगळून बंदी घातलेली नाही. दुसऱ्या बाजूला बदल्यात सुटलेले पॅलेस्टिनी, त्यांना बातम्या सरसकट प्रिझनर म्हणतात. त्यातल्या काहींना खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली होती, ते प्रिझनर बरोबर. पण बरेच जण ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिटेन्शनखाली होते, म्हणजे आरोपपत्र नाही, खटला नाही, मुदत वाढत राहते. त्यांना डिटेनी म्हणणं जास्त नेमकं. काही लोक म्हणतात तेही हॉस्टेजच, काही म्हणतात असं म्हणणं म्हणजे दोघांना एका पारड्यात घालणं. माझं मत विचाराल तर प्रत्येक माणसाबद्दल वेगळं बघावं लागतं, एका गठ्ठ्याला एक लेबल चिकटवलं की समजायचं बातमी लिहिणाऱ्याची बाजू ठरलीये.

इराणचं ४४४ दिवस काय प्रकरण होतं?

४ नोव्हेंबर १९७९, तेहरानमध्ये विद्यार्थी अमेरिकन वकिलातीत घुसले आणि आतल्यांना धरलं. मागणी: देश सोडून अमेरिकेत उपचाराला गेलेल्या शहाला, म्हणजे इराणच्या आधीच्या राजाला, आमच्या हवाली करा. काहींना आधी सोडलं, ५२ जण शेवटपर्यंत राहिले आणि २० जानेवारी १९८१ ला, रेगन यांचा शपथविधी झाला त्याच दिवशी सुटले. इंग्रजी बातम्यांत "हॉस्टेज क्रायसिस" हा जोडशब्द घराघरात गेला तो यामुळे.

खंडणी दिली की ओलीस सुटतोच का?

सुटलाच पाहिजे असा हिशेब, पण नेहमी नाही. सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी ॲस्फाल्ट व्हेंचर नावाचं जहाज पळवलं, त्यावर १५ भारतीय खलाशी. एप्रिल २०११ ला पैसे पोचले, जहाज सुटलं, ८ जण सुटले आणि ७ जणांना चाच्यांनी ठेवून घेतलं. कारण? भारतीय नौदलाने पकडलेले त्यांचे साथीदार मुंबईत तुरुंगात होते, ते सोडा म्हणाले. म्हणजे कंपनीकडून पैसे घेण्यासाठी धरलेले ओलीस एका फटक्यात भारत सरकारसाठीचे ओलीस झाले. ते सात जण ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटले. मर्चंट नेव्हीत मुलगा असलेल्या कोकणातल्या घरांत हे प्रकरण अजून आठवतं.

स्टॉकहोम सिंड्रोम खरंच आजार आहे का?

नाव आलं २३ ऑगस्ट १९७३ च्या स्टॉकहोममधल्या बँक दरोड्यावरून, चार कर्मचारी सहा दिवस ओलीस. त्यातल्या एका बाईंनी फोनवर थेट पंतप्रधान पाल्मे यांना सांगितलं की आम्हाला दरोडेखोरांपेक्षा पोलिसांची भीती वाटते. यावर मानसोपचारतज्ज्ञ निल्स बेयरोत यांनी सिद्धांत मांडला, आणि त्या बाई नंतर चिडून म्हणत राहिल्या की हे गृहस्थ माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत. मानसिक आजारांच्या अधिकृत अमेरिकन यादीत हा सिंड्रोम नाही. आणि पोलीस गोळ्या घालायच्या तयारीत असताना आतल्या माणसाला पोलिसांची भीती वाटणं यात आजार कसला, मला तरी ते साधं शहाणपण वाटतं. सीरियलवाले मात्र अपहरण करणाऱ्याच्या प्रेमात पडलेली नायिका दाखवून हा शब्द वापरून वापरून झिजवतायत.

ह्यूमन शील्ड आणि हॉस्टेज?

मानवी ढालीत माणसाचं शरीर आडोसा म्हणून वापरतात, मागणी असो नसो. एकच माणूस दोन्ही असू शकतो.

फॅक्टरीत "कॅप्टिव्ह पॉवर प्लांट" असतो, तिथे कोण कैद आहे?

वीज! म्हणजे स्वतःच्या वापरासाठी स्वतः बनवलेली वीज. २००५ च्या वीज नियमांप्रमाणे वापरणाऱ्यांची मालकी निदान २६ टक्के आणि वर्षाच्या विजेतला निदान ५१ टक्के वापर त्यांचाच पाहिजे, तर तो प्लांट कॅप्टिव्ह. तसंच कॅप्टिव्ह माइन म्हणजे आपल्याच कारखान्यासाठीची खाण. कॅप्टिव्ह ऑडियन्स म्हणजे उठून जाता न येणारे श्रोते, उदाहरणार्थ सत्कार समारंभ, जेवण भाषणानंतर आहे. हे सगळे कॅप्टिव्हचे वापर, इथे हॉस्टेज घालून चालत नाही.

रॅन्समवेअरमध्ये "डेटा हॉस्टेज" म्हणतात ते बरोबर का?

चालतं. फाइल्स लॉक केल्या, मागणी तुमच्याकडे, म्हणजे एकाला धरून दुसऱ्याकडून वसुलीचं लॉजिक तंतोतंत बसतं. मराठीत "डेटा ओलीस" पण आता लोक लिहितात आणि मला ते खटकत नाही. आणि कोणी ऑफिसच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत भिंतीला टेकून एका सुरात शुभेच्छा वाचत असेल तर त्याला "हॉस्टेज व्हिडिओ" म्हणतात, ती फक्त चेष्टा.

परीक्षेत वन-वर्ड सब्स्टिट्यूशनला कसं ओळखायचं?

व्याख्येत "सिक्युरिटी", "कंडिशन", "डिमांड" यातलं काही दिसलं की हॉस्टेज. "वॉर" दिसलं की प्रिझनर ऑफ वॉर. "विदाउट ट्रायल" असेल तर डिटेनी किंवा डेटेन्यू, ऑप्शनमध्ये जो असेल तो. काहीच नसेल, नुसतं पकडलेला, तर कॅप्टिव्ह.

मराठीत ओलीसचं अनेकवचन काय? ओलिसे?

नाही, ओलीसच. "दहा ओलीस सुटले." फक्त प्रत्यय लागला की ली ऱ्हस्व होते, ओलिसांना, ओलिसांची सुटका. "ओलीसांची" असं वर्तमानपत्रांच्या मथळ्यातही छापून येतं, पण शुद्धलेखनाच्या पेपरात मार्क जातात.